मी तेरा जणांना बोलतं करतो

३ फेब्रुवारी
रिटायर होऊन महिना झाला. आता समाजसेवा. पुढच्या शनिवारपासून वाचनालयाच्या मागच्या खोलीत शाळा सुटलेल्या तेरा तरुण पोरापोरींना वाचायला, लिहायला आणि चारचौघांत बोलायला शिकवणार. सहा शनिवार पुष्कळ झाले. बायको म्हणाली, आधी त्यांचं ऐकून घ्या. बत्तीस वर्षं स्टाफ मीटिंगा घेतलेल्या माणसाला सांगतेय!

१० फेब्रुवारी
पहिला वर्ग झकास. विषय : ओळख. माझी. दीड तास चालली. पोरं भारावून गप्प. शेवटी लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या मुलीनं हात वर केला. पाच मार्चला तिची मुलाखत आहे, हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीवरच्या नोकरीसाठी. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, ही नोकरी हवीच आहे, पण अनोळखी माणसापुढे वाचाच बसते, असं म्हणाली. म्हणजे अर्धं ती म्हणाली. उरलेलं मी पूर्ण केलं.

१७ फेब्रुवारी
मुलाखतीची प्रॅक्टिस. मी साहेब, ती उमेदवार. फार वेळ लावते. म्हणून उमेदवारही मीच झालो. माझी निवड झाली.

२१ फेब्रुवारी, दुपारी ३
संकल्प : वीस मिनिटांच्या वर बोलायचं नाही. टेबलावर घड्याळ ठेवायचं.

२४ फेब्रुवारी
वेळेचं महत्त्व समजावण्यात पाऊण तास गेला. त्याला इलाज नाही. इस्त्रीवाली उभी राहिली, वाक्य अडलं, मी लगेच मदतीला धावलो. तिचे डोळे भरून आले. इतकी कृतज्ञता हल्ली कुठे दिसते?

२७ फेब्रुवारी
वाचनालयाच्या बाई सांगत होत्या, पोरं रोज संध्याकाळी खोली मागून घेतात, दार लावून एकमेकांना वाचून दाखवतात. होमवर्क न देता! याला म्हणतात प्रभाव.

३ मार्च
आज इस्त्रीवाली हात वर न करताच उभी राहिली. हातात कागद. बाईही येऊन बसल्या होत्या. मी डोळे मिटून नुसते उच्चार ऐकत होतो. आवाज खणखणीत, कुठे अडखळणं नाही. ऊर भरून आला. जोरजोरात टाळ्या वाजवल्या. बाकी कुणी वाजवल्या नाहीत.

बाईंनी तिच्याकडचा कागद घेऊन माझ्या हातात दिला. बाईंच्या नावे अर्ज होता : तीन वर्गांत सर साडेपाच तास बोलले, आम्ही तेरा जण मिळून नऊ मिनिटं. परवा एकीची मुलाखत आहे. उरलेले शनिवार खोली आम्हाला द्यावी, सरांशिवाय. खाली तेरा सह्या.

चूक काढायला पेन उघडलं. एकही सापडेना. फार लागलं. उत्तर द्यायला उभा राहिलो, तर तोंडातून शब्द फुटेना. इस्त्रीवालीच म्हणाली, सर, सावकाश बोला, आम्ही ऐकतोय.

खरंच ऐकत होते. कुणी मधे बोललं नाही. टेबलावरचं घड्याळ उचललं, घरी आलो.