वराहाचा ब्रश

अण्णा,

तुम्ही मला डुकराच्या केसांनी दाढी करायला शिकवलंत. हे वाक्य लिहून मी उठलो, पाणी पिऊन आलो, परत वाचलं. ते जिथल्या तिथेच आहे. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, आता कुठे जाब विचारू? आणि विचारल्याशिवाय राहवत पण नाही. ज्या घरात लसूण उंबऱ्याच्या आत आला नाही, जिथे मी मित्राला "डुकरा" म्हणून हाक मारली तर आईनं मला चूळ भरायला लावली होती, त्या घराच्या न्हाणीच्या खिडकीत, तांब्याच्या पेल्यात, रोज सकाळी डुक्कर भिजत होतं. आणि ते तुम्ही आणलेलं होतं. तुम्ही! शाळेत संस्कृत शिकवणारे, शाळेच्या सहलीला स्वतःचा डबा घेऊन जाणारे. माझं डोकं अजून ठिकाणावर नाही.

झालं असं की तुमचा ब्रश गेला. तुम्ही मागे दोन ठेवले होतेत, एक वाळत असेल तेव्हा दुसरा, आणि मी ते आलटून पालटून वापरत आलो. पहिला केव्हाच संपला. दुसऱ्याचा चार-पाच दिवसांपूर्वी गोंद सुटला आणि केसांचा झुबका आख्खा माझ्या हातात आला, मूठ बेसिनमध्ये. मी तो झुबका कागदात गुंडाळून रविवार कारंजाजवळच्या, तुम्ही ब्रश घ्यायचात त्याच दुकानात गेलो. म्हटलं, असाच पाहिजे. तिथे आता गल्ल्यावर एक मुलगी असते, कानात वायर. तिनं झुबका पाहिला, दोन ब्रश समोर ठेवले आणि म्हणाली, काका, हा नायलॉन आणि हा प्युअर बोअर. आता अण्णा, माझं पंपांचं दुकान. दिंडोरी रोडला सकाळपासून रात्रीपर्यंत माझ्याकडे बोअर सोडून दुसरा विषय नसतो. बोअरला पाणी लागलं, बोअर आटला, बोअरमध्ये मोटार अडकली. मी तिला विचारलं, ब्रशात बोअरचा काय संबंध? तिनं फोनवरून नजरही न उचलता सांगितलं.

"बोअर म्हणजे डुक्कर, काका. डुकराचे केस असतात ते. तुमच्या हातात आहेत ना, तेच."

मी म्हटलं, शक्य नाही, आमचे वडील संस्कृत शिकवायचे. त्या पोरीनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. तिला वाटलं असणार, काकांना ऊन लागलंय. मी गालाला हात लावला आणि लगेच काढला. आणि तेवढ्यात त्याच काउंटरवरून मला तुमचा आवाज ऐकू आला, जसाच्या तसा: "वराहाचा दाखवा." मत्स्य, कूर्म, वराह. तिसराच की हो अवतार! तुम्हीच पाठ करून घेतलेले, झोपेतून उठवलं तरी म्हणेन असे. आणि इतकी वर्षं माझ्या टाळक्यात एकदाही उजेड पडला नाही. मला वाटायचं, वराह म्हणजे कंपनी. देवाच्या नावाच्या कंपन्या काय थोड्या आहेत? आमच्या धंद्यात तर निम्मे पंप देवांच्याच नावाचे. तुम्ही एक अक्षर खोटं बोलला नव्हतात, हे जास्त लागलं मला.

दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात तुम्ही मला त्या दुकानात नेलंत. मिसरूड फुटलेलं, मान खाली, मला लाज वाटतेय आणि तुम्ही मात्र भाजी घ्यावी तितक्या निवांतपणे एकेक ब्रश हातात घेताय. तळहातावर उभा दाबून बघताय, झुबका विस्कटतो की ताठ राहतो. बोटानं केस पिंजारून टोकं उजेडाला धरताय. मला सांगताय, मुळाशी काळे आणि टोकाला फिके असले तर केस अस्सल, टोकं कापून सारखी केलेली नाहीत. चिमटीत धरून ओढून बघ, दोन-चार केस गळाले तर गळू देत, पुंजका आला तर परत ठेव. मूठ आवळून बघ, ओल्या हातातून निसटेल का. शेवटी एक नाकाशी धरलात, मग माझ्या नाकाशी. मी तोंड वाकडं केलं. ओल्या गोठ्याचा वास. तुम्ही हसलात आणि म्हणालात, येणारच, वराहाचा आहे, मुरला की जाईल. मी आपला समजलो, या कंपनीचा माल वास मारतो.

मग ते मुरवणं. तुमच्यामुळे मला अजून वाटतं की जगात मुरतात त्या दोनच गोष्टी, एक लोणचं आणि एक ब्रश. रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचा. सकाळी पिळायचा नाही, झटकायचा. तळहातावर साबण घेऊन गोल गोल फेस करायचा आणि तो फेस केसांवर तसाच वाळू द्यायचा, संध्याकाळी धुवायचा, रात्री परत पाण्यात. गालाला लावायचा नाही. मी दोनच दिवसांत लावला आणि हनुवटीवर खराटा फिरवल्यासारखं झालं, तेव्हा तुम्ही आरशात माझ्या मागे उभे राहून म्हणालात की घाई केलीस, अजून त्याची टोकं फुटायचीत. एकेका केसाचं टोक फुटून त्याचे दोन-तीन होतात, तेव्हा तो पाणी धरायला लागतो आणि मऊ पडतो. मधल्या काळात आई बंबातलं पाणी त्या पेल्यात वरून ओतायची, पेल्याला हात न लावता. तो पेला कधी स्वयंपाकघरात आला नाही. मी समजायचो, साबणामुळे.

आता मला राग का येतोय ते सांगतो. नववीत असताना मी कॉलेज रोडच्या गाडीवर ऑम्लेट-पाव खाल्ला होता. कुणीतरी पाहिलं आणि संध्याकाळच्या आत बातमी घरी. तुम्ही ओरडला नाहीत. चष्मा काढलात, माझ्याकडे पाहून एवढंच म्हणालात, "न विचारता?" आणि माझं पान पडवीत मांडायला सांगितलंत. आठवडाभर मी पडवीत जेवलो, येणारे जाणारे बघत होते. ती लाज माझ्या हाडात बसली, अण्णा. त्यानंतर अंडं सोडा, अंडं घातलेला केक मी चाखलेला नाही. लग्नकार्यात मांसाहारी पंगतीचा वास आला तर उठून जातो. बायको म्हणते, तुमचं सोवळं तुमच्या वडिलांच्या वरताण आहे. मला ते कौतुक वाटायचं.

आणि आता तुमची नात. तुम्ही तिच्या नाकाला साबणाचा फेस लावायचात, ती. तिला एक मुलगा आवडलाय, चांगला आहे, नोकरीला आहे. घर देवळाली कॅम्पला, ख्रिश्चन कुटुंब, वडील सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. बोलतात आपल्यासारखंच मराठी. आम्ही त्यांच्याकडे गेलो. सगळं छान चाललं होतं, आणि त्या मुलाची आई म्हणाली, आधीच सांगते, नंतर वाईट वाटायला नको, नाताळात आमच्याकडे डुकराचं मटण होतं. मी हातातला पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. कळवतो म्हणालो आणि उठलो. नाशिकरोडचा पूल ओलांडल्यावर गाडीत मी म्हणालो, तुझ्या आजोबांना हे चाललं नसतं. तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "आजोबांना पुढे करू नका, बाबा. तुम्हाला चालत नाही, असं म्हणा." तिची आई तिच्याच बाजूनं. अडून बसलेला मी एकटाच, आणि माझ्या पाठीशी कोण, तर तुम्ही. सगळी भिस्त तुमच्यावर होती हो माझी. रविवारपर्यंत त्यांना कळवायचं होतं, आणि माझा नकार ठरलेला होता. ब्रश तुटला तो त्याच आठवड्यात.

दुकानातून मी तडक घरी आलो. बायको बँकेत, पोरगी कामावर, घरात आई एकटी. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं, हात मात्र चालू. मेथी निवडत बसली होती. मी तो कागद तिच्यापुढे उघडला आणि ओरडूनच विचारलं, हे काय होतं, तुला माहीत होतं का? तिनं झुबक्याकडे पाहिलं, जुनं माणूस भेटल्यासारखं.

"माहीत नसायला काय झालं? यांनी मला विचारूनच घरात ठेवला होता."

अण्णा, मी तिथेच खाली बसलो. ती सांगत होती आणि मेथी निवडत होती. लग्न होऊन आठवडा झाला असेल, तुम्ही तिला माजघरात बोलावलंत. म्हणालात, माझ्याकडे एक वस्तू आहे, दुसऱ्या ब्रशानं माझ्या गळ्यावर पुरळ उठतं म्हणून वापरतो, वराहाच्या केसांची आहे. तुला चालत नसेल तर टाकतो आणि दाढी ठेवतो. आई तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची, नवी नवरी. ती म्हणे दिवसभर विचार करत होती. तुम्हाला दाढी कशी दिसेल तेही डोळ्यांसमोर आणून पाहिलं. संध्याकाळी सांगितलंन, माझ्या स्वयंपाकघरात यायचा नाही, आणि अंघोळीच्या आधीच वापरायचा, मग तुमचं तुम्ही बघा. तुम्ही हो म्हणालात. झालं. त्यावर तुमचा आख्खा संसार झाला आणि मला काडीचा पत्ता नाही.

मला तर संतापच आला. म्हटलं, मग मला एका ऑम्लेटपायी आठवडाभर पडवीत का बसवलं? आईनं हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाली, ते तू चोरून खाल्लंस म्हणून. विचारलं असतंस तर हे नाहीच म्हणाले असते, पण पडवीत बसवलं नसतं. चाळीसेक वर्षं झाली असतील, मी ते अंड्याचं समजून बसलो होतो. तुम्ही दोन शब्द बोलला होतात आणि ते दोन्ही मी ऐकले नव्हते. मग तिनंच पुढचं बोलून टाकलं. म्हणाली, "तुझी पोरगी तर विचारायला आलीय ना तुला? मग तिला का पडवीत बसवतोस?"

मी उठून बाथरूममध्ये गेलो, बराच वेळ आरशासमोर उभा राहिलो. हे गाल, हा गळा, सगळं त्याच ब्रशाखालून गेलेलं आणि मला काहीही झालेलं नाही. संध्याकाळी पोरगी आल्यावर तिच्यासमोर देवळाली कॅम्पला फोन लावला. म्हटलं, तुम्ही सगळे रविवारी आमच्याकडे जेवायला या, पुढचं ठरवू. फक्त आमच्याकडे सगळं शाकाहारी, बिनलसणाचं, चालेल का? सुभेदारसाहेब म्हणाले, विचारलंत ते बरं वाटलं, मिसेसला विचारून सांगतो. तासाभरात त्यांचा होकार आला. पोरगी माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मलाही आवरेना. का काय झालं विचाराल तर सांगता येणार नाही, अजून मी धक्क्यातच आहे.

एवढं सगळं करूनही मी दुसऱ्या दिवशी नायलॉनचा ब्रश आणला, बरं का. त्या बोअरला हात लावायची हिंमत होईना. दोनदा दाढी केली आणि गळ्यावर पुरळ उठलं, लालभडक, कॉलरच्या रेषेत. आई जवळ येऊन बघून गेली आणि म्हणाली, यांच्यासारखंच. मग काय, परत रविवार कारंजा. गल्ल्यावरची ती पोरगी हसत होती. मी दाबून पाहिला, पिंजारून पाहिला, टोकं उजेडाला धरली, चिमटीत ओढला, नाकाशी धरला. तोच वास. आता तो तुमच्या तांब्याच्या पेल्यात बाथरूमच्या खिडकीत भिजतोय.

तुमचा धडा मी गिरवला असेल असं तुम्हाला वाटेल, म्हणून हे पण लिहितो. सकाळी बायको नाक मुरडत बाथरूममधून बाहेर आली आणि विचारलंन, हा वास कसला? मी म्हटलं, नवा ब्रश आहे, वराहाचा. ती म्हणाली, ही कुठली कंपनी? मी म्हटलं, जुनीच आहे, अण्णांच्या वेळची. ती डबा घेऊन बँकेत गेली. या फ्लॅटला पडवी नाही, अण्णा, नुसती गॅलरी आहे. आज माझं पान मी तिथे घेऊन आलो, आणि हे तिथेच बसून लिहितोय.