राऊत नावाने घेतलेली खोली

इंदोरा, नागपूर
१२ ऑगस्ट १९७८

प्रिय प्रेमिला,

तुझं पोर्ट ऑफ स्पेनचं दुसरं पत्र काल मिळालं. तार करावी असं मनात आलं, पण तारेत हे मावणार नाही. तुझ्या शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात मी त्रिनिदाद शोधलं. माझ्या करंगळीच्या नखाखाली अख्खं बेट झाकलं जातं, आणि तेवढ्याशा जागेत तुला घर मिळेना म्हणून मी इथे येरझाऱ्या घालतोय!

पहिल्या पत्रात तू दोन घरं कळवलीस. एक सेंट जेम्समधलं, मराठी कुटुंबाच्या माडीवरचं. बाजार जवळ, स्वयंपाकाला वेगळी खोली. दुसरं बेलमाँटच्या चढावर, तिथल्याच एका निवृत्त शिक्षिकेकडे. तुझा दवाखाना पायी पंधरा मिनिटांवर, पण पाणी कधी येतं कधी नाही, आणि शेजारचा कोंबडा झोपू देत नाही. परक्या मुलखात आपली माणसं बरी, सेंट जेम्सचं घे, असं मागच्या पत्रात मीच लिहिलं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं पत्ता वाचल्याशिवाय शिक्का मारला नाही. इथे मात्र मारला.

आपण कधी बोललो नाही, ते आज सांगतो. तू सात वर्षांची असताना मी इंदोरा सोडून स्टेशनपलीकडे खोली घेतली, तुझी शाळा जवळ पडावी म्हणून. मालकिणीने आधी आडनाव विचारलं. आपलं गजभिये सांगितलं असतं तर खोली कालच दुसऱ्याला दिलेली निघाली असती; तशा चार निघाल्या होत्या. मी राऊत म्हणालो. बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत ठेवली, आणि नळावर कुणी विचारलं तर काय सांगायचं ते तुझ्याकडून पाठ करून घेतलं.

एका दुपारी तुझी आजी भागीरथा गावाहून आली, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी घेऊन. मालकीण दारातच होती. ह्या कोण, तिने विचारलं. आई आता जयभीम म्हणेल आणि खोली जाईल, एवढीच मला धास्ती. मी म्हणालो, गावाकडच्या ओळखीच्या आहेत. आईने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग मालकिणीला म्हणाली, "हो वं बाई, साहेबाले भाजी देऊन राहिली मी." पिशवी उंबऱ्यावर ठेवून ती वळली. पाणीसुद्धा प्यायली नाही. आठ महिन्यांनी आपण इंदोऱ्याला परतलो, पण ती असेपर्यंत मी तिची माफी मागितली नाही. मला फार लाज वाटते, बेटा.

तू तेव्हा दाराआड होतीस. एवढ्याशा पोरीला काय कळलं असेल, असं मी मनाला समजावत आलो. आणि काल तुझ्या पत्रात वाचलं: "सेंट जेम्सच्या काकूंनी आडनाव विचारलं, मी राऊत सांगून टाकलं, हसू नका बाबा." मला हसू आलं नाही. इतकी आडनावं असताना तुला तेच आठवलं.

ते घर घेऊ नकोस. बेलमाँटच्या बाईंनी फक्त कोंबड्याचा त्रास होणार नाही ना, एवढंच विचारलं; त्यांच्याकडे जा. पाणी भरून ठेवत जा. माझा पासपोर्ट आला आहे, डिसेंबरात मी येतो, अंबाडी सुकवून आणतो. दारात कुणीही उभं असो, हे कोण असं विचारलं, तर माझे बाबा म्हणून तुला सांगता आलं पाहिजे.

तुझाच बाबा,
चंद्रभान गजभिये