वाजेल तेव्हा कळेल

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी अग्निशमन केंद्रात फक्त नळ्या वाळत घालतो, असं आईला वाटतं. तिचा तो समज राहू दे. कालपासून माझं नाव आत शिरणाऱ्यांच्या पाळीत आहे. आत म्हणजे धुरात.

पाठीवर हवेचं सिलिंडर आणि तोंडाला मास्क, असा नवा संच सरकारने गेल्या वर्षी दिला. तो वापरायला शिकवण्याचे पैसे मात्र दिले नाहीत. भरलेली सिलिंडरं आगीसाठी ठेवतो, सराव रिकाम्यांवर करतो. हवा संपत आली की संच शिट्टी देतो म्हणे. ती आमच्यापैकी कोणीच ऐकलेली नाही, आमच्या प्रमुखांनीही नाही. त्यांना आम्ही उस्ताद म्हणतो. ते म्हणाले, वाजेल तेव्हा कळेल, आधी ओळख करून घ्यायला ती काय तुझी सोयरीक आहे?

तू विधानसभेत बसून सगळी भाषणं उतरवून घेतेस. प्रशिक्षणाच्या निधीचं विधेयक मंजूर झालं, तर आम्हाला आधी शिकायला पाठवतील आणि मगच आत. मतदान कधी आहे, तेवढं कळव.

लोभ वाढव, रागावणं कमी कर.
तुझा धाकटा

९ मार्च

चि. बंबोबास,
अ. उ. आ.

पत्र वाचून घाबरले. तरी एकही वेलांटी चुकलेली नाही हे पाहून हसू आलं. शाळा सोडली नसतीस, तर गुरुजींनाच शुद्धलेखन घातलं असतंस.

विधेयक पुढे ढकललं. एक आमदार उठून म्हणाले, यंत्र स्वतःच शिट्टी मारतं, ती वाजली की बाहेर पडायचं. यात शिकवायचं काय? सभागृह हसलं. अशा वेळी आम्ही कंसात ‘हशा’ असं लिहितो. मीही लिहिलं. आम्हाला तिथे मान वर करायचीही सोय नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा चर्चा आहे. तोवर आत जाऊ नकोस. पोट दुखतंय म्हण, शाळेत म्हणायचास तसं.

तुझ्यापायी केस पिकवणारी,
ताई

१४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोट दुखायला सवडच मिळाली नाही. परवा दुपारी शिंप्याच्या दुकानावरच्या बिऱ्हाडाला आग लागली. आत म्हातारे गृहस्थ अडकलेत, असं शेजारी म्हणाले. उस्ताद पुढे, मी त्यांचा पट्टा धरून मागे. स्वतःचा हात दिसेना. खोल्या चाचपत असताना शिट्टी ऐकू आली. उस्ताद मास्कमधून ओरडले, की कोणी तरी शिट्टीची किटली चढवून ठेवलीय, गॅस बंद करायला हवा. मलाही तसंच वाटलं. स्वयंपाकघर शोधत आम्ही आणखी आत गेलो.

शेगडी सापडली. ती बंद होती. शिट्टी उस्तादांच्या पाठीवर वाजत होती, आणि मग ती थांबली.

त्याच पट्ट्याने त्यांना ओढत आणलं. जिन्यावर माझी शिट्टी सुरू झाली. उस्ताद दवाखान्यात आहेत, शुद्धीवर आहेत, बोलताना धाप लागते. म्हातारे गृहस्थ न्हाव्याकडे होते.

आईला कळू देऊ नकोस.
तुझा धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

विधेयक मंजूर झालं. शिट्टीवाल्या आमदारांनीही हात वर केला. तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं, पण आम्ही तिथे ऐकायचं, बोलायचं नाही. सगळ्यांनी बाकं वाजवली, तेही कंसात लिहिलं. मग शेवटचं कलम आलं. निधी पुढच्या वर्षीपासून. तोवर आहे त्या साधनांत भागवावं.

तू नोकरी सोड. हे मी विचारत नाही, सांगते आहे.

ताई

२५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा शब्द मी मुद्दाम कधी मोडला नाही, हा मोडतो. मी सोडली तर माझ्या पाळीत दुसरा जाईल, आणि त्याने ती शिट्टी ऐकलेली नसेल.

उस्तादांनी दवाखान्यातून निरोप धाडला, की राखीव सिलिंडर संचाला लावून अंगणात उघडा आणि संपेपर्यंत सगळ्यांनी ऐका. शेजारी शेगडीवर किटलीही ठेवा. राखीव संपलं आणि तेवढ्यात मोठी आग लागली तर, ही भीती सगळ्यांनाच होती. तरी उघडलं.

सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आधी किटली वाजली. बंबाच्या ड्रायव्हरने शिट्टी समजून हात वर केला, मी तो खाली घेतला. किटलीचा आवाज चढत जातो. मग दुसरी वाजली, एकाच सुरात, न चढता. ओळखीच्या माणसाने हाक मारावी तसे सगळे एकदम बाहेर पडायला फाटकाकडे वळले.

कोणीही हसलं नाही, ताई. ते कंसात कसं लिहितात?

लोभ असू दे, रागावलेली असलीस तरी.
तुझा धाकटा