उसन्या वस्तूंची शेड आणि तिची किल्ली

मी, खाली सही करणारी, बंदराच्या रस्त्यावरची शेडवाली, शाळा चौथीपर्यंत, नवऱ्यामागे एकटीने घर ओढलेली, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी गोड बोलून गुंडाळलेलं नाही. तशी कोणाची हिंमतही नाही. उद्या दवाखान्यात भरती व्हायचंय, पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. मी म्हटलं, घाबरत नाही, पण शेड कोणाच्या हाती द्यायची ते ठरवून येते. त्यासाठी हा कागद. आधी असा कागद केलेला नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही. अक्षर माझं, कलमं पाडली वकिलांनी.

कलम एक, घरातल्या वस्तू. वकील म्हणाले, आधी तुमच्या मालकीचं काय काय आहे ते सांगा. इथेच गाडी अडली. कपाट उघडलं आणि माझी मतीच गुंग झाली. कुकर शिंपीणबाईंचा आहे. की माझा त्यांच्याकडे आहे आणि हा बेकरीवाल्याचा? इस्त्री माझी, असं मला वाटतं. पाना म्हणतो त्याची. पाना म्हणजे आमचा दुरुस्तीवाला, सगळी वस्ती त्याला याच नावाने हाक मारते.

हे असं का झालं ते लिहायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाई भ्रमिष्ट होती. नवरा गेला आणि होड्यांना डांबर लावायचं आमचं काम थांबलं. शेड रिकामी पडली, आत फक्त एक शिडी. शेजारीपाजारी शिडी मागायला यायचे. मग किनारा साफ करणारी मंडळी, दर रविवारी वाळूवरचा कचरा उचलतात ती, वाहून आलेल्या खुर्च्या, पंखे, सायकली माझ्याकडे आणून टाकायला लागली. पाना त्या चालत्या करायचा. मंडळींच्या पुढारी मास्तरीणबाई. त्या म्हणाल्या, "भिंतीला भोक वर्षातून एकदा पाडायचं, त्याला घरटी ड्रिल कशाला? एकच ठेवू, सगळे नेऊ-आणू. नवं घेतलं की जुनं शेवटी समुद्रातच जातं." मला पटलं. शेडचं नाव पडलं उसनं-घर.

नियम दोनच. नेलेली वस्तू चालू स्थितीत परत करायची. आणि वस्तू नेली की तिच्या खिळ्यावर आपल्या घराच्या रंगाची कापडी पट्टी बांधायची. कागद नको, प्लास्टिकचे बिल्ले तर नकोच. मी सांगत होते, बाजारातून पक्क्या रंगाचं कापड आणू. मास्तरीणबाई म्हणाल्या, "छे! ते रंग धुऊन खाडीत जातात. पानाफुलांचेच करू." केले. दिसले छान. पण खारा वारा आणि ऊन त्यांना काय ठाऊक! आता सगळ्या पट्ट्या एकसारख्या, मळकट पांढऱ्या. कोणाचं काय कोणाकडे आहे ते देवालासुद्धा सांगता येणार नाही. नवल म्हणजे भांडण एकच झालं, तेही बादलीवरून.

तेव्हा माझ्या घरातलं सगळं सामान, माझं असो वा नसो, शेडमध्ये मांडावं. ज्याने जे ओळखलं ते त्याने न्यावं. कोणीच ओळखलं नाही ते माझं समजावं, आणि ते मी शेडला दिलं.

कलम दोन. डांबराचं भांडं, ब्रश आणि नवऱ्याची लाकूड तासायची पटाशी पान्याला. पटाशीने डब्यांची झाकणं उचकटायची नाहीत. तू उचकटतोस, मी पाहिलंय.

कलम तीन. बँकेत जे उरेल ते मुलीला.

कलम चार, आईचं शिलाई मशीन. ते माझ्या थोरल्या बहिणीने दोन दिवसांसाठी म्हणून नेलं. तेव्हा माझी मुलगी रांगत होती, आता तिची मुलं शाळेत जातात. त्यावरून आमचं बोलणं बंद. वकील म्हणाले, साक्षीदाराला या कागदातून काही मिळत नाही. मी म्हटलं, मग साक्षीदार तीच! निरोप गेला आणि बाई आल्या की हो लगेच. आल्या आल्या म्हणते, "अगं, मशीन तुझ्याच देखत आईने मला दिलं. तू तेव्हा मुलीला भरवत होतीस." मला काही आठवत नाही. ती खोटं बोलत असेल तर इतक्या शांतपणे कशी बोलते? आणि खरं असेल तर मी इतकी वर्षं कोणावर चिडले होते? तर लिहिते: मशीन आहे तिथे राहू दे. मी ते देत नाही, फक्त परत मागत नाही.

कलम पाच, शेड. एवढी एकच वस्तू खात्रीने माझी आहे. शेजारच्या हॉटेलवाल्याला गाड्या उभ्या करायला ती हवी आहे, भाव चांगला देतो. मुलगी भाड्याच्या खोलीत राहते, दरवर्षी बिऱ्हाड हलवते. ती म्हणाली, "आई, लोकांच्या मिक्सरला छप्पर आहे, मला नाही." मास्तरीणबाई म्हणाल्या, "शेड गेली तर हे सगळं सामान कुठे जाईल, तुम्हीच सांगा." दोघीही खरं बोलतात, हाच तर ताप. सकाळी मुलीच्या नावावर लिहिलं, दुपारी खोडून मंडळींच्या, चहा झाल्यावर परत मुलीच्या. वकिलांनी पेन खाली ठेवलं. शेवटी मी वैतागून ओरडले, "कोणालाच देत नाही जा! उसनी देते!"

वकील म्हणाले, "तसं करता येतं. हयातभर वापरायचा हक्क म्हणतात त्याला."

मग सकाळपासून काय माझी गंमत बघत बसला होता?

तर असं. शेडचा माळा मुलीला राहायला, ती जिवंत आहे तोवर. खाली उसनं-घर चालू राहील. तिने शेड विकायची नाही, गहाण टाकायची नाही, हॉटेलवाल्याला आत पाऊल टाकू द्यायचं नाही. छप्पर गळलं तर तिने आणि मंडळींनी मिळून शाकारायचं. तिच्यानंतर शेड मंडळींची.

मुलीने हे वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे रोज सकाळी खाली ठोकाठोक?"

"हो."

"मग खालचा मोठा पंखा मी वर नेणार."

"ने. पण खिळ्यावर पट्टी बांध."

बरोबर केलं की चुकलं, मला अजून कळत नाही. विकली असती तर तिला धड दोन खोल्या आल्या असत्या. ती रागावली आहे की नाही, तेही कळलं नाही. पंख्याचं माप मात्र घेऊन गेली.

कलम सहा. शेडची किल्ली आज मुलीला दिली. किल्लीच्या खिळ्यावर तिची पट्टी मी स्वतः बांधली, निळी, बाजारातल्या पक्क्या रंगाची. मास्तरीणबाई ओरडल्या तर ओरडू देत. मी दवाखान्यातून परत आले तर बाकी कागद आहे तसा राहील, पण किल्ली मला परत हवी.

ठिकाण: शेड, बंदराचा रस्ता
दिनांक: सोमवार, ९ मार्च

सही: शेडवाली

साक्षीदार पहिला: बेकरीवाला. (पाना सही करायला पुढे आला होता. त्याला पटाशी मिळते म्हणून मागे बसवला.)

साक्षीदार दुसरी: थोरली बहीण. वाचून, समजून सही केली. मला काही मिळणार नाही हे ठाऊक आहे. मशीन चालू स्थितीत आहे. परत आलीस की बघायला ये.