दयाळाचं पिल्लू

जूचंद्र, मे १९९८, गुरुवार संध्याकाळ

मागच्या वाडीतला आंबा आज पाडला. ढोलीतलं दयाळाचं एक पिल्लू तेवढं जिवंत सापडलं. टोपलीत घालून गॅलरीत आणलं, वरणभात भरवायला बसले. चोच उघडेना. हे म्हणाले, "अगं, किडे खाणारा पक्षी तो. भात कसा खाईल?"

मग काय करायला हवं होतं मी?

बाहेर त्याची आई चोचीत अळी धरून, ढोली होती तिथल्या रिकाम्या हवेत फडफडत होती. तीच अळी, पुन्हा पुन्हा. शेवटी टोपली खाली नेऊन उरलेल्या खोडावर ठेवली. ती लगेच आली. पण पिल्लाने मान टाकली होती. तिने अळी त्याच्या चोचीला लावली, परत लावली. मग अळी तिथेच टाकून दुसरी आणायला गेली.