मूक बंदी

३ मार्च
या दोन खोल्यांची खरी किंमत: रेडिओ दुरुस्तीची चाळीस वर्षं, दोन्ही गुडघे आणि लेकीशी एक भांडण. एकटे राहू नका, म्हणत होती. खोल्या मात्र झकास. खाली बेकरी, बेकरीवाल्याशी खिडकीतूनच ओळख करून घेतली. आपला आवाज तीन गल्ल्या ओलांडतो. आपल्या हाकेला ओ न देणारा माणूस अजून भेटायचाय.

६ मार्च
लेकीनं जुन्या रेडिओंच्या फोरमवर देखरेखीचं काम मिळवून दिलं. सकाळी तिथे चार ओळी टाकतो; खाली ती लिहिते, बाबा, जेवलात का? फोरम चालवणाऱ्या मॅडमनी फोनवर नियम सांगितला. भांडखोराला मूक बंदी. त्याचं लिहिणं त्याला दिसतं आणि आपल्याला; बाकी कुणाला नाही. त्याला कळवायचं नाही, बंदीचं कारणही कुणाला सांगायचं नाही. त्याची अब्रू झाकलेली राहते. मी म्हटलं, झाकायला तोंडावर उशीच का? त्या हसल्या नाहीत. काका, फक्त त्यांना उत्तर देऊ नका, म्हणाल्या.

११ मार्च
‘जुना व्हॉल्व्ह’ नावाचा एक गृहस्थ. बंदीला दोन वर्षं झाली. रोज विचारतो, कुणी आहे का? आज राहवलं नाही. लिहिलं, दादा, तुमच्यावर बंदी आहे, कुणाला दिसत नाही तुमचं, वाट बघू नका. लगेच उत्तर आलं: बरं झालं, सोबत मिळाली.

१२ मार्च
चार ओळी टाकल्या. लेकीचं काही नाही. मॅडमना तीन निरोप, उत्तर नाही. दुपारी खाली एकच ओळ उमटली. बाबा, जेवलात का? लिहिणारा: जुना व्हॉल्व्ह.

१४ मार्च
बेकरीवाल्याला हाक मारली. त्यानं वर पाहिलं नाही. खाली उतरून समोर उभा राहिलो. त्यानं मागच्या बाईंना पाव दिला — माझ्या खांद्यावरून —

१५ मार्च
लेकीला फोन. हॅलो, हॅलो म्हणाली. मी ओरडत होतो. मला तिच्या कपातला चमचासुद्धा ऐकू येत होता. जावयाला म्हणाली, नंबर बाबांचाच आहे, पण पलीकडे कुणीच नाही. ठेवला.

१६ मार्च
कुलपात किल्ली. लेकच — पावलं ओळखतो. आत आली. बाबा, बाबा करत दोन्ही खोल्या —
ओ दिली. पुन्हा दिली.
हातभर अंतरावर उभी आहे. आवाज तिथवरही जात ना