मला घरी नेण्याबाबत

मी, खाली सही करणारा, लोकांचं घरसामान एका घरातून दुसऱ्या घरी हलवण्याचा धंदा केलेला, मंडळीचा बाप्तिस्मा घेतलेला सभासद, उपासनेत कायम शेवटच्या बाकावर बसणारा, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. कोणाचा दबाव नाही. गुडघे गेलेत, डोकं जाग्यावर आहे. वकील म्हणाले, "काका, थोडक्यात लिहा." सामान बांधताना घाई केली की पोचल्यावर काचा वेचत बसावं लागतं, हे त्यांना कोण सांगणार.

१. अवजारं. दोरखंड, पट्टे, ढकलगाडी आणि कपाटांवर गुंडाळायची जाड ब्लँकेटं माझा धंद्यातला जोडीदार पैलवान याला द्यावीत. अंगाने काडी आहे, नाव थट्टेत पडलं. जिन्यातून जड वस्तू नेताना सगळा भार खालच्या माणसावर येतो. तिथे नेहमी तोच राहिला, कारण माझ्या घरी आईविना लेकरू होतं. त्याने हे कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मी कागदावर आणतो. त्याला साक्षीदार व्हायचं होतं, पण ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष चालत नाही म्हणे. रुसून बसलाय.

२. आरामखुर्ची माझ्या थोरल्या बहिणीला द्यावी आणि देताना हे वाचून दाखवावं. माझ्या बायकोने दवाखान्यात प्राण सोडला तेव्हा लेक सहा वर्षांची होती, बाहेर बाकावर बसलेली. ताईने तिला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "बाळा, आई घरी गेली." आमच्या मंडळीत मेली म्हणत नाहीत, प्रभूच्या घरी गेली म्हणतात. त्यातला 'प्रभूच्या' हा शब्द ताईच्या रडण्यात बुडाला. पोर उठली आणि धावत सुटली. आम्ही शोधत आलो तर आमच्या उंबऱ्यावर बसलेली. आई रागावेल म्हणून विस्कटलेले केस थुंकी लावून चापून बसवलेले. मला बघून म्हणाली, "बाबा, कुलूप कशाला लावलं? आई आली असेल ना, आणि परत गेली असेल."

ताई, तुझ्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी तो राग गेला नाही. खुर्ची घे, पाय दुखतात तुझे.

३. भिंतीवरचं घड्याळ पाळकसाहेबांना द्यावं. उपदेश फार लांबतो, समोर टांगावं.

त्यांच्याशी माझं एकदा वाजलं, तेही लिहितो. गेल्या वर्षी, माझी लेक गेल्यानंतरच्या रविवारी, ते म्हणाले की हे जग म्हणजे भाड्याची खोली, आपलं खरं घर वर आहे. मी त्यांना दारात गाठलं. म्हटलं, "साहेब, भाड्याच्या खोल्या मी आयुष्यभर रिकाम्या केल्यात. गाडी भरून झाली तरी बाई म्हणते, 'थांबा हं, एकदा बघून येते.' आत काही नसतं. तरी जाते, भिंतीला हात लावते, डोळे पुसत येते. प्रभूला स्वतःला डोकं टेकायला जागा नव्हती, त्याला हे आपल्यापेक्षा जास्त कळत असणार. बापाच्या घरात खोल्या पुष्कळ आहेत, त्याने सांगितलंय, माझा विश्वास आहे. पण एवढ्या खोल्यांत माझ्या पोरीला तिच्या आईची खोली दाखवली कोणी?"  पाळकसाहेब माझा हात धरून उभे राहिले. तेवढ्यावर आमचं मिटलं.

४. घराबाबत. उंबऱ्यावर बसली त्या दिवसापासून लेकीने या दाराला बाहेरून कुलूप लावू दिलं नाही. मोठी झाली, सगळं समजलं, शाळेत शिक्षिका झाली, तरी नाही. आमचं घर बघून चोरच काही ठेवून जाईल, असं शेजारीण म्हणायची. सगळ्या गावाची बिऱ्हाडं हलवली, स्वतःचं हलवलं नाही. चांगली मोठी जागा चालून आली होती. लेक हसून म्हणाली, "आईला नवा पत्ता कोण कळवणार?" तो विषय मी पुन्हा काढला नाही.

मग तीही त्याच दवाखान्यात. एका सकाळी म्हणाली, "बाबा, मला घरी न्या ना." पैलवानाने गाडी खाली लावली, आत ब्लँकेटं अंथरली. डॉक्टर म्हणाले, "यांना हलवता येणार नाही." हे वाक्य मी जन्मभर ऐकलं, कपाटांबद्दल, तिजोऱ्यांबद्दल, आणि दर वेळी हलवून दाखवलं. पोरीच्या अंगात तर काही उरलंच नव्हतं, एका हाताने उचलली असती. डॉक्टरांचं चुकलं नाही, रस्त्यातच गेली असती. पण प्रभूच्या प्रार्थनेत 'जशी आम्ही इतरांना क्षमा केली आहे' ही ओळ आली की मी अजून गप्प बसतो. दुपारी ती गेली. लोक 'घरी गेली' म्हणत आले. मी 'मेली' म्हणालो. माझ्या तोंडून दुसरा शब्द निघाला नाही.

तर हे घर मंडळीला द्यावं. विकू नये. दवाखान्यातलं जे माणूस 'घरी न्या' म्हणतं आणि ज्याचं घर लांब आहे किंवा नाहीच, त्याला इथे आणावं. खिडकीजवळचा पलंग द्यावा, आणि त्याच्या माणसांना स्वयंपाकघर.

५. माझ्याबाबत. माझी वेळ येईल तेव्हा मी दवाखान्यात असलो आणि डॉक्टर हलवू नका म्हणाले, तर त्यांना नमस्कार करावा आणि मला हलवावं. वाटेत जीव गेला तरी गाडी मागे वळवू नये. इथे आणून थोडा वेळ आत ठेवावं, मग दफनभूमीत न्यावं. लेक घरी न्या म्हणाली तेव्हा कोणत्या घरी, या की प्रभूच्या, हे विचारायची माझी छाती झाली नाही. म्हणून मला दोन्हीकडे बघायचं आहे.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवलं, बरोबर आहे, म्हणून दोन साक्षीदारांसमोर सही करतो. यापूर्वी केलेलं दुसरं कोणतंही मृत्युपत्र नाही.

साक्षीदार:
१. शेजारची शिंपीणकाकू (सही)
२. कोपऱ्यावरचा दुकानदार (सही)

लिहून ठेवणार: लेकीचा बाप (सही)

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: १४ जून, रविवार, उपासनेनंतर